चौकटीवरचं गलबत

बिऱ्हाडाची जागा दाखवताना घरमालक सहसा विहिरीच्या पाण्याचं कौतुक करतात, शेजार चांगला आहे म्हणतात, वारा खेळता आहे म्हणतात. आमच्या घरमालकांनी मला दाराशी उभं केलं, काखेतून सुताराचा लोखंडी गुण्या काढला, तो खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंतींना लावला आणि म्हणाले, "बघा मास्तर, ही पलीकडची भिंत तीन बोटं पळालीय. मागाहून म्हणाल, सांगितलं नाही."

मी रत्नागिरीच्या एका हायस्कुलात गणित शिकवायला नुकताच आलो होतो. गणिताच्या मास्तराला काटकोनाची चाड असणारच, अशी त्यांची समजूत. मला ती फक्त फळ्यापुरती होती. मी देवरूखकडचा, आमच्या गावच्या घराची एकही भिंत दुसरीशी सरळ बोलत नसे आणि आम्ही सगळे त्यात सुखाने वाढलो होतो. मी आपला "चालेल, चालेल" म्हणून मोकळा झालो. घरमालकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लगेच चपला नीट जोडीने ठेवल्या.

ही एकोणीसशे तीसच्या आगेमागची गोष्ट. घरमालकांना सगळे काकाच म्हणत, मीही म्हणू लागलो. जमीन मोजणीच्या खात्यात तीस वर्षं साखळी ओढून ते पेन्शनीत निघाले होते. मोजायची जमीन संपली, खोड राहिली. कोणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचे आणि मग पाणी घ्यायचे. एकदा आम्ही एके ठिकाणी समाचाराला गेलो होतो. गेलेल्या गृहस्थांचा फोटो पाटावर ठेवून त्याला हार घातलेला, घरची मंडळी हुंदके देत बसलेली. काका उठले. सगळ्यांना वाटलं, नमस्काराला चालले. त्यांनी फोटो दोन बोटं डावीकडे वळवून पाटाच्या कडेशी जुळवला, चार पावलं मागे येऊन पाहिला, आणि मगच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकू नारळाच्या वड्या थापत, पण कापायचं काम काकांचं. फूटपट्टी लावून, इंच बाय इंच. ज्या दिवशी ताटलीत तिरप्या, शंकरपाळ्यासारख्या कापलेल्या वड्या दिसत, त्या दिवशी नवराबायकोचं बिनसलंय असं समजायचं. तसल्या वड्या काका तोंडात घालत नसत. त्या सगळ्या बिऱ्हाडकरूंकडे, म्हणजे माझ्याकडे येत. त्यांच्या भांडणाची मी मनापासून वाट पाहत असे.

पण आळीत त्यांचं नाव झालं होतं ते गुण्यामुळे नाही की वड्यांमुळे नाही. ते झालं होतं लोकरीमुळे.

रोज दुपारी तीनच्या सुमाराला काका ओटीवर येऊन बसत. झोपाळ्यावर नाही, कारण झोपाळा हलतो. पाटावर, भिंतीला पाठ टेकून. मांडीवर लाकडाची चौकट, चौकटीवर ताणलेली जाळी आणि हातात लोकर ओवलेली बोथट सुई. जाळी म्हणजे खळ देऊन कडक केलेलं विरळ विणीचं कापड. त्याच्या एकेका घरावर एकेक तिरपा टाका घालत गेलं की लोकरीचं चित्र भरत जातं. असल्या तसबिरी तेव्हा पुष्कळ घरांत असत. पोपट असत, गुलाबाची परडी असे, "सुस्वागतम" असे. पण त्या भरायच्या मुलींनी, लग्नाआधी, घरात बसून. सत्तरीला टेकलेल्या, भरघोस मिशांच्या पुरुषाने हे काम रस्त्याकडे तोंड करून करावं, हे आळीला झेपत नव्हतं.

हे ते शिकले नोकरीत. मोजणीचा तळ गावोगाव फिरे, वर गोरा साहेब असे, आणि एका साहेबाची मडम तंबूत बसून लोकरीचं काम करायची. तळ हलला की तिची चौकट सुटी करून बांधायची आणि नव्या गावी पुन्हा जोडायची, हे काम या तरुण कारकुनाच्या गळ्यात पडलं. "तंबूच्या दोऱ्या ताणायला चार गडी होते," काका सांगत. "जाळी ताणायला मी एकटा. एकदा तिने मला विचारलंन्, टाका घालून बघतोस का? बघितला. मग राहवेना." कचेरीतल्या मंडळींना हे कळल्यावर त्यांनी काकांचं नाव 'मडम' ठेवलं. नोकरी संपली तरी ते नाव काकांच्या मागोमाग आळीत येऊन राहिलं होतं.

चौकटीच्या बाबतीत मात्र ते कोणाचं ऐकत नसत. त्यांच्या चौकटीला खिळा नव्हता. चार सागवानी पट्ट्या, टोकांना खाचा. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवायची आणि लाकडी ठोकणीने हलकेच ठोकायचं. नऊ इंचांपासून तीन फुटांपर्यंतच्या जोड्या त्यांनी सुताराकडून करून घेतल्या होत्या आणि माजघरात खुंट्यांवर सुतळीने बांधून टांगल्या होत्या. प्रत्येक पट्टीच्या मधोमध तांबड्या शाईची रेघ. जाळीच्या कडेचा मध्य त्या रेघेवर धरायचा आणि तिथे पहिला बारीक खिळा मारायचा. दुसरा बरोबर समोरच्या पट्टीवर. मग मधून कोपऱ्यांकडे, एक इकडे, एक तिकडे. हे झालं की गुण्या लावायचा. गुण्या झाला की टिचकी. जाळीवर टिचकी मारून काका डोळे मिटून आवाज ऐकत आणि तो मनासारखा आला नाही तर सगळे खिळे काढून पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात दमट हवेने जाळी सैल पडते, तेव्हा तर हा कार्यक्रम रोज सकाळी पूजेच्या आधी चाले.

"ताण चारी बाजूंनी सारखा हवा," ते म्हणत. "एका बाजूने ओढलंत की पळालं."

असल्या वाक्यात मला लगेच तत्त्वज्ञान दिसतं. मास्तरकीचा दोष, दुसरं काय. एकदा मी मान डोलवून म्हणालो, "खरं आहे काका. संसाराचंही तसंच असतं."

काकांनी सुई थांबवली. "संसाराचं मला माहीत नाही. मी कापडाबद्दल बोलतोय."

"हे मात्र अगदी खरं बोललात हो," आतून काकूंचा आवाज आला.

रस्त्याने जाणारे येणारे काहीबाही बोलत. "काका, कुंची कोणाला?" असं विचारत. कोणी नुसतंच "मडम" म्हणून पुढे जाई. काकांचा हात तसाच चालू असे, मान वर होत नसे. कानाने ते जरा कमी आहेत असं सगळी आळी धरून चालली होती. जाळीच्या टिचकीचा आवाज ज्याला कळतो त्याला रस्त्यावरचं हसणं ऐकू येणार नाही, हे कसं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. मी त्या वेळी तीनच्या सुमाराला बाहेर पडायचं झालं तर परसातल्या बाजूच्या दाराने जात असे. आपल्याला कोणी त्यांच्या पंगतीला बसवू नये, एवढीच काळजी.

माझं लग्न होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. बायकोचं माहेर पूर्णगडचं. तिच्या वडलांचं एक गलबत होतं; ते माल घेऊन मुंबईपर्यंत जाई. ती समुद्र पाहत वाढलेली आणि मी तिला दोन खोल्यांत आणून ठेवली होती, त्यातली एक भिंत पळालेली. तिला करमत नसे. ती काकांच्या जवळ जाऊन बसू लागली आणि आठ दिवसांत टाका शिकली. काकांनी तिला अठरा बाय बारा इंचांची चौकट काढून दिली. मी त्या घरात आल्यापासून त्यांनी पट्ट्या कोणाच्या हाती दिलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"काय भरणार? पोपट?" मी विचारलं.

"गलबत," ती म्हणाली. "आमचं."

माझ्याकडून आलेखाचे कागद मागून घेऊन तिने त्यावर गलबत काढलं. पुढची नाळ, डोलकाठी, दोन शिडं, वर तांबडं निशाण. एक चौकोन म्हणजे एक टाका. समुद्रापासून सुरुवात करून ती खालून वर भरत आली. महिन्या-दीड महिन्यात पाणी झालं, गलबताचं अंग झालं. एवढं नेटकं की मला आत कुठेतरी बोचलं. घरात आपल्यापेक्षा कोणाचं तरी काही जास्त सरळ येतंय, हे मास्तर लोकांना सोसत नाही.

अशात एका संध्याकाळी शाळेतले दोघे मास्तर चहाला आले. भिंतीशी टेकवलेली चौकट पाहून एकाने विचारलं, "हे काय?"

आणि मी म्हणालो, "आमच्या घरी गलबत बांधायला काढलंय. खाडीला पूर आला तर आपल्याला काळजी नाही. कप्तान आत चहा करतोय."

दोघे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. ती चहा घेऊन आली. चहात साखर बरोबर होती, आलं बरोबर होतं, कपबशा जोडीच्या होत्या. मी निश्चिंत झालो. बायको रागावली की चहा बिघडतो, असं माझं तेव्हा गणित होतं.

दुसऱ्या दिवशी तिने जाळीचे सगळे खिळे काढले, पट्ट्या सुट्या करून सुतळीने बांधल्या आणि काकांना नेऊन दिल्या. अर्धं गलबत वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कपाटावर ठेवलं. मार्गशीर्षात तिच्या भावाचं लग्न होतं, त्याला ती माहेरी गेली, आणि आली नाही.

कार्डं येत. नवी भावजय एकटी आहे, तिला सोबत म्हणून राहते आहे. मग आईचे गुडघे दुखतात. मग सुपाऱ्या उतरायच्या आहेत. कारणं सगळी खरी होती. मी एकदा काकांजवळ म्हणालो, "माहेरी रमली आहे."

"मास्तर," काका म्हणाले, "चौकट परत का आली?"

"कंटाळली असेल."

"कंटाळलेलं माणूस खिळे मोजून परत देत नाही. तिने चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस दिलेन्. तुम्ही काय बोललात?"

मी सांगितलं. सांगताना मला ते पुन्हा थोडं विनोदी वाटलं, हे कबूल करायला हवं. काका हसले नाहीत. त्या दिवशी काकूंनी आमच्याकडे वड्या पाठवल्या त्या चौकोनी होत्या, म्हणजे या बाबतीत नवराबायकोचं एकमत होतं.

मग मला युक्ती सुचली. गलबत आपण पुरं करायचं आणि पूर्णगडला नेऊन तिच्या हातात द्यायचं. नकाशा कागदावर होताच. चौकोन मोजायचे आणि टाके घालायचे. गणिताच्या मास्तराला यात अवघड ते काय? मी काकांकडे चौकट मागितली.

"मिळणार नाही," काका म्हणाले. "काम तिचं. तिने उतरवलंन्. चढवायचं तर ती सांगेल."

"मग मी हातावर करतो."

"करा. पळेल."

"पळून पळून किती पळणार?"

यावर काकांनी लोकर ओवायला घेतली.

खरं सांगायचं तर चौकट मिळाली नाही याचं मला मनातून बरंच वाटलं. चौकटीवरचं काम लपवता येत नाही. दार वाजलं की ती काही उशीखाली सरकत नाही. हातातली जाळी मात्र पटकन दुमडता येते. मी सकाळी आणि रविवारी दुपारी खोलीला कडी घालून, खिडक्या ओढून घेऊन बसे. शेजारी परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा. कोणी हाक मारली की गलबत गठ्ठ्याखाली आणि मास्तर हातात तांबडी पेन्सिल घेऊन दारात. बोटांना भोकं पडली. एकदा सुई पेपरात राहून गेली आणि ती मुख्याध्यापकांना टोचली. तरी मी चिकाटी सोडली नाही. डोलकाठी चढली, शिडं भरली, आभाळ भरलं, शेवटी तांबडं निशाण. चैत्र निम्मा झाला होता. मी जाळी टेबलावर पसरली, हाताने सारखी केली आणि दोन पावलं मागे येऊन पाहिली.

गलबताचं अंग सरळ होतं. पाणी सरळ होतं. ते तिने केलेलं. त्याच्यावर मी भरलेली डोलकाठी, शिडं आणि सगळं आभाळ एका अंगाला कललं होतं, आणि नीट विचार केला तर ते देवरूखच्या दिशेला होतं. आयताचा समांतरभुज चौकोन झाला होता. त्याच आठवड्यात मी वर्गात समांतरभुज चौकोनाचे गुणधर्म शिकवले होते आणि एका मुलाला तो ओळखता आला नाही म्हणून बाकावर उभं केलं होतं. अडीच महिने मी रोज तो मांडीवर घेऊन बसलो होतो आणि कापड जसजसं वळत गेलं तसतशी माझी मानही वळत गेली असणार.

मी जाळी ओली केली. एक कोपरा खिडकीच्या गजाला बांधून दुसरा ओढत बसलो. पाट्याखाली घालून ठेवली. तांब्यात निखारे घालून वरून फिरवला. निशाणाचा तांबडा रंग उतरून शिडावर आला. शेवटी ती जाळी घेऊन मी काकांपुढे उभा राहिलो.

काकांनी कोपऱ्याला गुण्या लावला. हसतील असं मला वाटलं होतं.

"टाका तिरपा असतो," ते म्हणाले. "प्रत्येक टाका कापडाला केसभर ओढतो. सगळे एकाच अंगाला. चौकट असती तर ओढू दिलं नसतंन्. मांडीवर कोण धरणार?"

"ताणून सरळ होईल का?"

"ताणलंत तर होईल. सोडलंत की पळेल. टाके आहेत तोवर पळणार."

"म्हणजे उसवायचं?"

"मी काही म्हणत नाही."

मी उसवलं नाही. अडीच महिने उसवायचे म्हणजे काय! मी मनाशी म्हटलं, चालेल. प्रेमाने केलंय, तिरकं तर तिरकं. आणि ती वळकटी काखोटीला मारून निघालो.

भाट्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. तरीच्या होडीतून पलीकडे गेलो, पावस गावापर्यंत बैलगाडी मिळाली, पुढे चालत. पूर्णगडला पोचलो तेव्हा उन्हाने मी भाजून निघालो होतो. सासूबाईंनी जावयाचं करायचं ते सगळं केलं. मग पडवीत ती आली. मी वळकटी पुढे केली. तिने ती उलगडून जमिनीवर पसरली आणि उकिडवी बसून पाहू लागली. डोलकाठीवरून तिने बोट फिरवलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं असं मला वाटलं आणि मी मनातल्या मनात तिची ट्रंक उचलून तरीत ठेवलीसुद्धा.

"किती दिवस लागले?" तिने विचारलं.

"अडीच महिने."

"आणि बसून कुठे केलंत?"

"खोलीत," मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. "दाराला कडी घालून. कोणाला पत्ता लागू दिला नाही."

तिचं बोट थांबलं. तिने जाळी पुन्हा गुंडाळली, अगदी नीट, आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"हसलात ते चारचौघांत," ती म्हणाली. "आणि हे कडी घालून. मला नको हे."

ती आत गेली. परतीच्या तरीत मी खाडीच्या पाण्याकडे पाहत बसलो होतो. आतापर्यंत मी धरून चाललो होतो की ती येणारच, बायका येतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ती येणार नाही असंही होऊ शकतं. मला भीती वाटली. आणि तिच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो, हे कळून लाज वाटली.

घरी येऊन मी काकांना तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी सुई जाळीत खोचून ठेवली. मग उठले, माजघरात गेले आणि खुंटीवरची अठरा-बाराची जोडी घेऊन आले.

"अहो, पण तिने चढवायला सांगितलं तर नाहीन्," काकू म्हणाल्या.

"सांगितलंन् की," काका म्हणाले.

जाळी त्यांनी ओली केली, मधल्या रेघेवर मध्य ठेवला आणि खिळे मारायला घेतले. अर्धा खिळा आत जाईपर्यंत मला दोन्ही हातांनी जाळी ओढून धरायला लावलं. वाकडी डोलकाठी कुरकुरत सरळ झाली. गुण्या लागला, टिचकी झाली. मग त्यांनी ओटीवर आपल्या शेजारी दुसरा पाट मांडला आणि माझ्या हातात बारीक कात्री दिली.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. म्हणजे पळायला शाळाही नव्हती. पहिल्या दिवशी मी चौकट मांडीवर घेऊन बसलो आणि रस्त्यावर पहिलं माणूस दिसताच माझे हात आपोआप ती लपवायला जागा शोधू लागले. अठरा इंच लांब चौकट धोतराच्या सोग्यात मावत नाही. ते माणूस थांबलं आणि बघून ओरडलं, "मडम! चेला मिळाला वाटतं!"

मी काकांकडे पाहिलं. मी त्यांच्या इतक्या जवळ, शेजारी, कधी बसलोच नव्हतो. त्यांची मान वर झाली नाही. पण सुई जाळीत अर्धी जाऊन थांबली होती आणि कानाची पाळी लाल झाली होती. मग सुई पुढे गेली.

"काका," मी हळूच म्हणालो, "तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं हो. रोज येतं. पंधरा वर्षं येतंय."

"मग बोलत का नाही काही?"

"बोललो की टाका चुकतो."

"मग आत का नाही बसत?"

त्यांनी यावर खरोखरच विचार केला. "उजेड इथे आहे," ते म्हणाले.

मी उसवत राहिलो. थोड्या वेळाने म्हणालो, "मीही काका, तीनच्या वेळेला बाजूच्या दाराने जात असे. तुमच्याबरोबर कोणी बघू नये म्हणून."

"ठाऊक आहे. त्या दाराची बिजागरी वाजते."

आठ दिवसांत माझं नाव 'धाकटी मडम' पडलं. मी दोनदा पाण्याचं निमित्त करून आत गेलो आणि माजघरात उभा राहिलो. काकूंनी तांब्या हातात दिला आणि ओटीकडे बोट केलं. चहाला आलेले ते दोघे मास्तरही एका दुपारी आले. आळीतली बातमी ऐकूनच आले असणार. एकाने चौकटीकडे बघून विचारलं, "काय हो, कप्तानाने जहाज सोडलं का?"

विनोद माझाच होता, थोडा वाढवलेला. मला तेव्हासुद्धा एक हजरजबाबी उत्तर सुचलं होतं. ते मी गिळलं.

"हे माझ्या बायकोचं काम आहे," मी म्हणालो. "फार चांगलं होतं. मी बिघडवलं, ते उसवतोय. आणि त्या दिवशी मी तुमच्यापुढे हसलो, ते मी वाईट केलं."

एकजण हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. दोघे लवकरच गेले. काका शेजारी टाके घालत होते. ऐकू आलं की नाही, त्यांनी दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टपालात काही टाकायला गेले, एवढं मी पाहिलं.

उसवणं हे भरण्यापेक्षा कितीतरी अवघड. टाका कापायचा, जाळीचा धागा नाही कापायचा. माझे अडीच महिने माझ्या पायाशी निळ्या-पांढऱ्या लोकरीच्या गुंतवळासारखे साठत होते आणि काकूंची मांजर त्यांत झोपत होती. वैशाख संपत आला. खाडीवरची तर आता पावसाने केव्हा बंद होईल सांगता येत नव्हतं, आणि ती बंद झाली की गणपतीपर्यंत पूर्णगडहून कोणी येणार नव्हतं. मी दिवस मोजणं सोडून दिलं होतं.

आणि एका दुपारी, साडेतीनचा सुमार असेल, ती आळीच्या तोंडाशी दिसली. मागे ट्रंक घेतलेला तिचा भाऊ. रस्त्यावर माणसं होती. ती माणसं थांबून आमच्या ओटीकडे, मग तिच्याकडे बघू लागली. ती सरळ पायरीशी आली. घरात गेली नाही. चौकटीत पाहिलं. निशाण आणि शिडं उसवून झाली होती, आभाळ अर्धं राहिलं होतं.

तिने कमरेच्या पिशवीतून एक कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "हे खरं का?"

अक्षर काकांचं, मोजणीच्या नकाशावर असतं तसं एकेक सुटं.

"चि. सौ. मुलीस अनेक आशीर्वाद. मास्तर रोज तीनला ओटीवर बसून उसवतात. लोक हसतात. मास्तर उठत नाहीत. बाकी क्षेम."

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात. मी रडत होतो, आणि रस्त्यावर निदान सहा माणसं उभी होती. हुंदका आला तो चांगला मोठ्याने आला. काकांनी घाईघाईने माझ्या मांडीवरची चौकट ओढून बाजूला घेतली.

"मास्तर, जाळीवर पाणी नका पाडू," ते म्हणाले. "खळ जाते."

ती हसली. मग चप्पल पायरीवर काढून ओटीवर आली, रस्त्याकडे तोंड करून माझ्या पाटावर बसली, आणि माझ्या हातातली कात्री काढून घेतली.